सरांचा बोकाणा आणि तिसरी उकल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, प्राचार्या अंजली मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती आणि माझे गाइड सावळीराम गांगुर्डे सर, सरांच्या सौ. लताबाई काकू, माग बंद ठेवून मालेगावहून आलेले माझे अब्बा, आणि मित्रहो,

मी अफिफा, गणिताची. घाबरू नका, फळा आणलेला नाही.

माझी पीएच.डी. थरथरणाऱ्या तारेवर. दोन्ही टोकं बांधलेली. पण पुस्तकातल्या तारेसारखी सरळमार्गी नव्हे, जरा वाकड्या स्वभावाची. ठरावीक वेळानं पुन्हा तंतोतंत तशीच हलेल, असे तिचे प्रकार, म्हणजे आमच्या भाषेत उकली, किती? मी सिद्ध केलं, निदान तीन. अब्बांनी विचारलं, "तीनों देखे तूने?"

"देखे नहीं अब्बा, पर हैं, इतना पक्का है."

"अच्छा! म्हणजे आमच्या सूतवाल्यासारखं. माल आहे म्हणतो, दाखवत नाही."

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. नियम असा, की विचारल्याशिवाय गाइडनं बोलायचं नाही. सरांना गप्प बसवणं किती अवघड, हे मी काकूंना काय सांगावं?

परीक्षक म्हणाले, "तुमची तिसरी उकल म्हणजे दुसरीच कशावरून नाही? तीच थरथर, जरा उशिरा सुरू केलेली?"

सगळा प्रबंध त्या तिसरीवर उभा! मी आशेनं सरांकडे पाहिलं. सरांनी समोरच्या बशीतला चिवडा उचलला आणि तोंडात बोकाणा भरला.

आता कुणाकडे बघणार? फळ्याकडे वळले, आणि सुचलं. परीक्षकांना म्हटलं, "सर, उशिरा सुरू केली म्हणून ऊर्जा बदलत नाही. या दोघींची ऊर्जा वेगळी आहे. हे बघा, प्रबंधात इथे सिद्ध केलंय."

परीक्षकांनी दोनदा वाचलं. मान डोलावली.

"बरोब्बर!" सर ओरडले. चिवडा परीक्षकांच्या कोटावर! त्यांनी शेंगदाणे झटकत सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, मला सुचलं नसतं तर?"

"अगं, मला तरी कुठे सुचलं होतं? ते माझ्याकडे वळतील, या भीतीनं तर तोंड भरलं!" मग म्हणाले, "पुढे गेलीस तू माझ्या."

दुसऱ्या दिवसापासून सर मला 'अहो मॅडम' म्हणू लागले. सगळ्यांना तो मान वाटला. मला मात्र आपल्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटलं.

सर, आज तुम्ही निवृत्त होताय, म्हणून धीर करून मागते. उद्यापासून पुन्हा 'अगं' म्हणाल?

बोलायची संधी दिलीत, ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर लेकीचं समजून पोटात घाला.