ळ नसलेले शंभर कागद

—नाही नाही, उठू नका, तुमचा टांगा लहरीपुऱ्याच्या दरवाजातून यायला अजून अवकाश आहे, शांतीथी, अगदी निवांत बसा. तर मी काय सांगत होतो? हां, तो टाइपरायटरवाला बाबू. कलकत्त्याचा. कंपनीनं पाठवलेला, हातात छापील प्रश्नांचा कागद— तुमच्या कचेरीत मराठीची कुठली अक्षरं जास्त लागतात, कुठली लागतच नाहीत? आता हे कशाला हवं? तर नव्या यंत्रात अक्षरांची बटणं कमी करायचीत, यंत्र हलकं करायचंय. आणि विचारलं कुणाला? मला! सत्तावीस वर्षं दरबारचे हुकूम मोत्यासारख्या अक्षरात लिहिणाऱ्या माणसाला.

मागच्या खेपेलाही मलाच विचारलं होतं बरं का. तेव्हा मी खुळा! महिनाभर जुने हुकूम काढून एकेक अक्षर मोजलं, तक्ता करून दिला. वाटलं, यंत्र आलं की आपल्यालाच त्याच्यावर बसवतील. बसवलं? कसलं बसवतायत! आमचे साहेब, बळवंतराव— ळ चांगला ठासून म्हणायचा हं, कुणी पुसट म्हटला की डोळे वटारतात— ते सगळ्यांदेखत म्हणाले, "श्रीपतराव, तुमच्या हाताचं काम संपलं आता." आणि मला लिफाफे चिकटवायला बसवलं. मीच मोजून दिलेल्या अक्षरांनी माझी जागा घेतली. जळतं हो, अजून जळतं आत.

मग या खेपेला मी काय केलं? बाबूला म्हटलं, तुम्ही मुंबईला जाऊन या, तोवर नमुने लिहून ठेवतो. शंभर कागद लिहिले— आणि एकातही ळ नाही! 'अर्ज मिळाला' नाही, 'अर्ज पोहोचला'. 'वेळ' नाही, 'मुदत'. 'काळजी' नाही, 'दक्षता'. दीड महिना लागला, डोळ्यांची वाट लागली, पण ळ फिरकू दिला नाही. बाबूला काय पत्ता? त्याच्या बंगालीत ळ नाहीच. खूश झाला, म्हणाला, हे बटण काढूनच टाकू. म्हटलं, बेलाशक काढा, म्हाताऱ्यांचं अक्षर ते, आता कोण वापरतंय!— अहो, काय मजा येईल! प्रत्येक हुकुमाखाली नाव उमटणार, बलवंतराव. रोज! नोकरी संपेपर्यंत! शिपाईसुद्धा तोंडात रुमाल कोंबून हसतील.

हसताय काय? हे घरीदेखील बोललो नाही मी. तुम्ही तरसालीचे, पुन्हा कुठे भेटणार, म्हणून निघालं तोंडातून— हं? माझं आडनाव? लिहून ठेवताय? ठेवा की, ओळख असावी माणसाची. मुळे. श्रीपतराव मुळे. मी सही मोडीत करतो, एका फटकाऱ्यात, मु—

मुळे.

त्या यंत्रावर... मुले. माझं, वडिलांचं, पुढं नातवंडांचं, सगळ्या कागदांवर...

असू द्या. असू द्या हो! त्याचा ळ जातोय ना? मग माझाही जाऊ द्या. खोडा ते, मुलेच लिहा.— आला तुमचा टांगा. जा. जा म्हणतो ना!