वासाची जकात

...अहो, एकदा भरलेली जकात पुन्हा का भरायची? तुम्हीच सांगा! आमचा शत्रुघ्न, देवगडचा एसी मेकॅनिक, कुवेतच्या महबूलात राहायचा, तो तरी दुसरं काय विचारत होता! नोकरी सोडलेली, शेजारच्या अबू हलीफात कॉफीचं दुकान ठरलेलं, होतं नव्हतं ते ओतून कुर्गची कॉफी दुबईत उतरवलेली, तिथे कर भरलेला, आणि यूसुफ ड्रायव्हरच्या ट्रकमधून पोती कुवेतच्या सरहद्दीवर आणतात तर... भर दुपारी धुळीचं वादळ! आभाळ तांबडंलाल, स्वतःचा हात दिसेना!

चाचपडत गडी कस्टमच्या खिडकीशी गेला. आत एक म्हातारा अधिकारी. बाहेर जग मातीत गेलंय आणि याच्या पांढऱ्या बाहीवर कण नाही हो! पापणीसुद्धा लवेना.

"दुबई में टॅक्स भरा है साब. नया कायदा, पूरे गल्फ में एक ही बार!"

"दुबई दुबई, कुवेत कुवेत. इस जमीन का हक अलग. कानून मतलब कानून, सादिक, मेरे दोस्त!"

घ्या! कायदा म्हणजे कायदा! शत्रुघ्नने पाकीट काढलं, तर म्हातारा मान हलवतो. पैसा नको, पोतं उघड! उघडलं. तो वाकला आणि असा श्वास ओढला... तुम्हाला सांगतो, ओढतच राहिला! छाती फुगेना, श्वास सुटेना, वादळाचा आवाजसुद्धा बारीक होत गेला...

मग हळूच म्हणतो, "रास्ते में तूने भी सूंघा ना?"

शत्रुघ्न भोळा! "हां साब," म्हणून बसला. आणि म्हातारा खिडकीतून त्याच्याकडे वाकला... कायदा म्हणजे कायदा!

वादळ निवळलं. यूसुफ धावत आला. "अरे भाई, दीवार से क्या बात कर रहा है?"

बघतो तर खिडकी कुठली? विटांनी चिणलेली! खऱ्या काउंटरवर कोणी काही मागितलंच नाही. जाओ म्हणाले!

दुकान उघडलं. बहीण उल्का, तिथल्याच हॉस्पिटलात नर्स, पहिला घोट तिचा. "दादा, हे नुसतं काळं पाणी रे!" शत्रुघ्नने कप नाकाशी धरला. काही नाही. साबण हुंगला. काही नाही. उल्काच्या तान्ह्या लेकीची टाळू हुंगली, पुन्हा हुंगली... काही नाही हो.

दाद कुणाकडे मागणार? भिंतीकडे? कायदा म्हणजे कायदा!

आता तिथे चहा विकतो. दूध नासलंय का, ते गिऱ्हाईकच हुंगून सांगतं!