बदललेलं नाव

लेखाचा परिणाम कसा मोजतात ते आमच्या प्राध्यापक मित्राला विचारा. मी तर तो घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात डोळ्यांनी पाहिलाय. हा मित्र जालन्यात समाजकार्य शिकवतो. बायका क्षयरोग का लपवतात, यावरचा त्याचा लेख कितीतरी कॉलेजांत शिकवतात. दवाखान्यात भेटलेल्या बाईची ओळख कळू नये, म्हणून त्याने लेखात तिचं नाव बदलून संगीता केलं, गावाचं मात्र तसंच ठेवलं. तिच्या गावच्या एका विद्यार्थिनीने तो वाचला, घरी जाऊन सांगितला, आणि गावात खरोखरच एक संगीता निघाली.

तिच्या मुलीची सोयरीक अडून बसली, तेव्हा मित्र मला घेऊन तिच्या घरी गेला. म्हणाला, "ती बाई तुम्ही नव्हे, हे मी पाहुण्यांना सांगतो."

"नुसतं सांगून कोण मानंल?" संगीताबाई म्हणाल्या. "खरी कोण, तिचं नाव घ्या. माझ्या पोरीचं लगीन मोडून राह्यलंय, सर."

"नाव सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी तिला."

इतक्यात त्यांची जाऊ चहा घेऊन आली. आमच्या हातात कप दिले, संगीताबाईंचा पेला मात्र लांबूनच सरकवला. तिला पाहून मित्राच्या तोंडचं पाणी पळालं.

जाऊ शांतपणे म्हणाली, "दिलेला शब्द पाळावा माणसानं. चहा घ्या, सर."

दवाखान्यातली बाई हीच, हे मला तेव्हा कळलं. संगीताबाईंनाही कळलं असावं, कारण त्या जावेकडे बघतच राहिल्या. आणि आमचे सर खाली मान घालून चहा पीत राहिले.