टेकडीची बातमी

— नाही बेटा, आत नको. इथंच जिन्यापाशी बोलू या, आणि जरा हळू — आत्ताच डोळा लागलाय यांचा. काय नाव म्हणालात, स्मृती? मराठीच ना? बरं झालं. सारा जन्म ग्वाल्हेरमध्ये गेला, तरी मनातलं काही हिंदीत नीट बोलता येत नाही मला. सत्कार म्हणता? यांचा, कान्होजीरावांचा? मंत्र्यांच्या हातून — त्या नव्या बागेत? हं.

ती सरकारी पुस्तिका राहू द्या तुमच्याजवळच. ठाऊक आहे मला ती. पहिल्यांदा आली तेव्हा यांनीच वाचून दाखवली होती — दोन हजार सत्तेचाळीसचं ग्वाल्हेर, जंगलही वाढेल, कमाईही वाढेल, पुढच्या पिढ्यांना स्वच्छ हवा — खोटं कशाला बोलू, दोनदा वाचून दाखवली यांनी. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून हे आणि यांचे दोस्त दौलतसिंहजी छावणीमागच्या उघड्या टेकडीवर झाडं लावत होते ना. करंज, धावडा, पळस. स्कूटरला पाण्याचे डबे बांधून न्यायचे, लोक हसायचे. आणि आता सरकारच म्हणतंय, तुमचं काम आम्ही पुढं नेतो! यांनी तुमच्या साहेबांना स्वतः वर नेलं, झाड न् झाड दाखवलं. दौलतसिंहजी म्हणाले होते, "बाबूजी, दिखाओ मत." तर हे म्हणतात, "हम-तुम कितने दिन के, दौलत? सरकार तो रहेगी."

मग यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. आम्ही दवाखान्यात, आणि तिकडं जेसीबी आले. फिरायचा रस्ता, लॉन, दिवे, ते फोटो काढायचं ठिकाण — आमची झाडं कागदावर झाडंच नव्हती म्हणे, झुडपं होती. झुडपं! पळसाला फुलं आली होती हो. तीच ही तुमची नवी बाग, आता ओळीनं पाम लावलेत, सावली म्हणून नाही. — तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, तुम्ही शिकत असाल तेव्हा.

दौलतसिंहजी रडतच दवाखान्यात आले. मी दारातच अडवलं. डॉक्टर म्हणाले होते, धक्का सोसणार नाही. म्हटलं, भाईसाहब, आत जायचं तर टेकडी होती तशीच आहे म्हणायचं. डोळे पुसले बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, "भाभी, उनसे झूठ नहीं बोला जाएगा मुझसे." आणि गेले ते गेलेच.

तेव्हापासून टेकडीची बातमी मीच देते — देते कसली, रचते. रोज संध्याकाळी. करंजाला कळ्या आल्या, धावड्याखाली तितर दिसले — मला तर आधी धावडा कुठला नि करंज कुठला हेही कळत नव्हतं! परवा करंजाचं पान मागितलं. इंदरगंजच्या रहदारीच्या रस्त्यावरून तोडून आणलं. डाव्या हातानं नाकाशी नेलं आणि म्हणाले, धुराचा वास येतोय गं. म्हटलं, रिक्षातून आणलं ना. उशाखाली ठेवून दिलं.

पण झाडांचं सोडा — रोज विचारतात ना, दौलत का येत नाही? मी म्हणते, लेकीकडे गेलेत, भिंडला. काल म्हणाले, मी असा पडलो म्हणून टाळत असेल. यावर काय बोलू मी? सांगा ना, तुम्ही शिकलेल्या आहात. खरं सांगावं तर यांची झाडं माझ्याच तोंडानं तोडायची, आणि न सांगावं तर — दौलतसिंहजी कुठं भिंडला गेलेत, इथंच हजीऱ्यात आहेत. बाजारात समोरून आले परवा, तर वाट बदलली. त्यांनी नाही हो. मी.

हे कुणाला बोलले नव्हते. तुम्हाला का सांगत बसले, देव जाणे.

अगं बाई, जागे झाले. — अहो, कोणी नाही! मीटर बघायला आल्यात बाई! — नाही हो, दौलतसिंहजी नाहीत! — उठा बेटा. ती सत्काराची पत्रिकाही घ्या, इथं एक कागद राहायला नको. जा. — आले हो, आले!