सात नंबरचं निशाण

...नाही नाही, बायकोला नवऱ्याने रायफल शिकवायची नाही, हे कुठेतरी लिहून ठेवायला नको होतं का? आमच्या इथे सगळं लिहून ठेवतात हो! कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायचा ते लिहिलंय, रविवारी गवत कापायचं नाही ते लिहिलंय, पण हे तेवढं नाही! श्वास सोड, थांब, दाब. आहे काय त्यात? माझ्या आजोबांनी मला पाच मिनिटांत शिकवलं, आणि थेरेसला, म्हणजे आमच्या हिला, मी तीन आठवडे शिकवत होतो... तीन आठवडे!

तुम्हाला सांगतो, मला काही हौस नव्हती. एमेनटालच्या डोंगरातलं आमचं हिंटरमोस, एवढंसं गाव, पण मे महिन्यात नेमबाजीचा मेळा आला की दूधवाल्यापासून पाद्रीबाबापर्यंत सगळे चटईवर पालथे! अठरा गोळ्या, तीनशे मीटर, एका गोळीला फार तर चार गुण. आणि कुणाची माणसं जास्त येतात यावरून शेजारच्या ओबरबाखशी आमची वर्षानुवर्षं चुरस. गेल्या वर्षी आम्ही हरलो... एका माणसाने! तर आमचा अध्यक्ष वाल्टर भर सभेत मलाच विचारतो, "उर्स, तुझी बायको कुठे होती रे?" घरी होती! दारावरची बेल वाजली तरी दचकते ती, तिला मी कुठे नेऊ?

त्यात माझं दुखणं वेगळंच. सत्तावन्न गुण मिळाले की एक बिल्ला मिळतो, टोपीला लावायचा, नखाएवढा. गावात कुणाकडे नाही असं नाही. पाद्रीबाबाकडे चार आहेत, चार! आणि मी? छप्पन्न. एकदा छप्पन्न, दोनदा छप्पन्न, गेल्या वर्षी पुन्हा छप्पन्न! बावीस वर्षं मी रिकामी टोपी घालून फिरतोय हो. कुणी काही बोलत नाही, पण बोलताना नजर टोपीकडे जाते, ती मला कळत नाही का?

तर शिकवणी. बाहेरच्या खोलीत गालिच्यावर तिला पालथी झोपवली, हातात झाडूचा दांडा दिला. म्हटलं, श्वास सोड, थांब, दाब. तिने श्वास सोडला, थांबली, आणि म्हणते, "उर्स, कपाटाखाली केवढी धूळ आहे!" अगं, निशाणाकडे बघ! "बघतेय रे, पण ही तुझी चष्म्याची डबी इथेच आहे, आणि तू मला चार दिवस बोलत होतास." मी विषय बदलायला म्हणून तोंडाने नुसतं 'ठो' केलं, तर ही दांडा टाकून स्वयंपाकघरात पसार! माझ्या 'ठो'ला घाबरली... खऱ्या बंदुकीचं काय करणार होती?

शेवटी तो दिवस उजाडला. ती सहा नंबरच्या निशाणावर, मी सात नंबरच्या, शेजारी शेजारी. तिला सांभाळायला खुद्द वाल्टर तिच्या बाजूला गुडघे टेकून, "छान, थेरेस... सावकाश... वा, छान!" या माणसाने मला बावीस वर्षांत एकदा 'छान' म्हटलेलं नाही! आणि ही काय करते? डोळे घट्ट मिटते, चाप ओढते आणि वर "आई गं!" प्रत्येक गोळीला "आई गं!" कानावर आवाज अडवायला एवढे जाड डबे, त्यातूनही मला ऐकू येतंय!

तरी मी दात-ओठ खात बारा गोळ्या मारल्या. गुण अडतीस. राहिल्या सहा, त्या एका मिनिटात मारायच्या, आणि कुठे लागल्या ते चटईशेजारच्या छोट्या पडद्यावर सगळ्या संपल्यावरच दिसतं. मला हवे एकोणीस. जमण्यासारखे होते हो! पहिली छान, दुसरी छान, तिसरी बरी... चौथीला श्वास सोडला, थांबलो, आणि शेजारून "आई गंऽऽ!" माझं बोट हललं. गेली! कुठे गेली? मागच्या मातीच्या ढिगात. नेमबाजाला कळतं ते. उरलेल्या दोन कशाबशा मारल्या आणि तिथेच चटईत तोंड खुपसून पडून राहिलो. म्हटलं संपलं, आता तेविसावं वर्ष.

मान वर करून पाहतो तर पडद्यावर सहाच्या सहा लागलेल्या! चार, तीन, तीन, चार, तीन, दोन. एकोणीस! सत्तावन्न! माझा माझ्यावर विश्वास बसेना. थेरेसच्या पडद्यावर सहातल्या पाचच. वाल्टर तिला म्हणाला, "पहिलीच वेळ, होतं असं." मीही मोठ्या मनाने म्हटलं, होतं गं.

मग मंडपात बँड, बिअर, लोक टेबलं बडवतायत, वाल्टरने स्वतःच्या हाताने टोपीला बिल्ला लावला. खोटं कशाला सांगू, मी रडलो. आजोबांची फार आठवण झाली. येऊन बसलो तर ही सॉसेज मोहरीत बुडवत हळूच म्हणते, "उर्स, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"नाही, बोल की."

"शेवटच्या वेळी ना, एका गोळीला मी डोळे मिटायलाच विसरले. निशाण इतकं स्वच्छ दिसलं! मग तू सांगितलंस तस्सं केलं. श्वास सोडला, थांबले, दाबलं. आणि मग वर बघते तर... पाटीवर सात लिहिलेलं."

मी तिथल्या तिथे बोटांवर हिशेब केला. म्हणजे ती चौथी, चार गुणांची, हिची, आणि माझे खरे त्रेपन्न! छप्पन्नसुद्धा नाहीत!

उठलो. प्रामाणिक माणूस मी, तडक वाल्टरकडे गेलो, टोपी त्याच्यापुढे धरली, म्हटलं असं असं झालंय, हा घे परत. तर त्याने आधी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माझी कॉलर धरून मला मंडपाच्या मागे नेलं. "अक्कल आहे का तुला? हे वर कळलं तर चौकशी लागेल, तिचा गुणांचा कागद रद्द, म्हणजे एक माणूस कमी! आपली माणसं चौऱ्याऐंशी, ओबरबाखची त्र्याऐंशी. एक कागद गेला की बरोबरी! ओबरबाखशी! त्यापेक्षा मी गाव सोडीन! टोपी घाल आणि गप्प बिअर पी!"

घातली. आता दर रविवारी घालावी लागते. नाही घातली तर लोक विचारतात, बिल्ला कुठाय? कालच दुकानात चीज कापता कापता दूधवाला हिला म्हणाला, "थेरेस, एवढा पट्टीचा नेमबाज घरात आहे, त्याच्याकडून शिक की जरा!"

ही माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "शिकतेय ना... त्याच्याच निशाणावर!"

दुकानातले सगळे हसले. मीपण हसलो. न हसून सांगतो कुणाला?