नकोच म्हणणारी मावशी

मन कसं वळवतात, ते माझ्याकडून ऐका. पालमचं स्थळ आलं होतं, पण मला इतक्यात लग्न करायचं नव्हतं, म्हणून आईनं समजवायला पेडगावच्या मावशीला परभणीला आमच्या घरी बोलावलं. मी भांडायच्या तयारीतच बसले होते.

"नको करूस बाई," मावशीच म्हणाली. "पालमचा पोरगा लय चांगला हाय, पण तुझ्या मनात न्हाई तर नकोच."

"तसा वाईट नसेल तो," माझ्या तोंडून निघालं.

"न्हाई, तू भ्यायलीस. राहू दे."

"मी कशाला भिऊ? येऊ द्या पाहायला!"

तेवढ्यात बेल वाजली. मी दचकलेच.

दारात पालमची मंडळी उभी होती. पालमहून परभणीला यायला दीड तास लागतो.