तात्याबाचं नाव यादीतून निघेना

बंदेनवाज: ...पण वहिनी, तात्याबाचं ते वेबसाइटचं पान मी सहा महिन्यांपूर्वीच बंद केलंय. या हातांनी.

मायाक्का: मग काल तीन फोन कसं आलं?

बंदेनवाज: तीन?

मायाक्का: एक मोडनिंबचा. एक मोहोळकडचा. एकानं गाव सांगितलं न्हाय. समद्यांचं म्हननं एकच. गुगलवर नंबर गावला, पाणाडे तात्याबा हायत का, बोअरचा पॉइंट दावायचा हाय.

बंदेनवाज: बसा आधी. सांगोल्यापासनं उभ्यानं आलात का एसटीत? चहा सांगतो.

मायाक्का: च्या नगं. त्येवढं नाव काढा.

बंदेनवाज: काढतो. हा संगणक चालू होईस्तोवर जरा दम खा, माझ्यापेक्षा म्हातारा आहे तो. वहिनी, वीस वर्षं मी या विजापूर वेशीत भिंतींवर पाट्या रंगवल्या. नाव नको झालं की चुन्याचा एक हात मारायचा, संपलं. मग वेबसाइटचा धंदा काढला, तर पहिलं गिऱ्हाईक तुमचा नवरा. मला म्हणाला, बंदेनवाज, माझं नाव अशा जागी लिही, जिथं कुणाच्या बापाला चुना मारता येणार नाही.

मायाक्का: आसं न्हवतं म्हनलं. पाव्हण्याच्या पोरानं केलंय, आमचंबी करा, म्हनलं.

बंदेनवाज: तुम्ही गोष्टीची चवच घालवता.

मायाक्का: मी हितंच बसले हुते.

बंदेनवाज: बरं, चिंचोळी एमआयडीसीतलं तरी खरं ना? शेठनं बोलावलं. तात्याबानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि निघाला. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, पण सगळं आवार फिरला तरी काही उठेना. मग पाणी प्यायला शेठच्या एसी केबिनमध्ये गेला, तर टेबलापाशी नारळ ताडकन उभा! फरशी फोडली, बोअर मारला, आणि पाणी असं उसळलं, असं उसळलं, की शेठ खुर्चीसकट तरंगत गेटपर्यंत गेला. वॉचमननं सॅल्यूट ठोकला आणि रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं, शेठ बाहेर गेले, चार वाजून दहा मिनिटं.

मायाक्का: गेटाच्या भाईर लागलं. दोनशे ऐंशी फुटाला. दीड इंच.

बंदेनवाज: दीडच?

मायाक्का: उन्हाळ्यात एक.

बंदेनवाज: मी पानावर खुर्चीसकट लिहिलं होतं. तात्याबानं वाचून घेतलं, हसला, आणि म्हणाला, खुर्ची ऱ्हाऊ दे... हां, उघडलं बघा. आता शोधतो. ‘पाणाडे सोलापूर’. या अल्ला.

मायाक्का: काय?

बंदेनवाज: पहिलंच. ‘पाणाडे तात्याबा’, पुढं मोबाइल नंबर. आणि खाली बारीक अक्षरात, ‘या पानाबद्दल माहिती उपलब्ध नाही.’

मायाक्का: मोहोळवाला त्येच म्हनत हुता. म्हनला, माहितीबी देत न्हाईत, म्हंजी मानूस लई मोठा असनार.

बंदेनवाज: हौ, आपले लोक असेच. थांबा. वेबसाइटवाल्यांसाठी गुगलचं वेगळं पान असतं, आपलं कुठं काय बिघडलंय ते तिथं कळतं. मी सहा महिने तिकडं फिरकलोच नाही. हे बघा, पिवळ्या रंगात लिहिलंय. ‘रोबोट्स फाइलने अडवले आहे, तरीही इंडेक्समध्ये आहे.’

मायाक्का: म्हंजी?

बंदेनवाज: म्हणजे... म्हणजे चूक माझी आहे, वहिनी.

मायाक्का: कशी?

बंदेनवाज: सांगतो. गुगलचा एक गडी आहे असं समजा. शिरगणतीच्या मास्तरासारखा दारोदार फिरतो, घरात कोण आहे ते बघतो, वहीत लिहितो. त्या वहीला म्हणायचं इंडेक्स. कुणी काही शोधलं की गुगल त्या वहीत बघून सांगतं. कळलं?

मायाक्का: व्हय.

बंदेनवाज: तुम्ही म्हणालात, बंद करा. मी पान पुसलं, कोरं केलं. आणि आत एक चिठ्ठी लावली. माणसांना न दिसणारी, फक्त त्या गड्यासाठी. ‘हे नाव वहीतून खोडा.’

मायाक्का: मग खोडायचं की त्यानं.

बंदेनवाज: खोडलं असतं! पण मी जास्तीचा शहाणा. म्हटलं, तात्याबाचं घर आहे, पक्कं बंद करावं. म्हणून बाहेर फाटकावरही पाटी लावली, ‘आत यायचं नाही.’ तीच ती रोबोट्स फाइल. आणि हा गडी इतका सरळमार्गी की पाटी बघितली की उंबऱ्यात पाऊल टाकत नाही. अक्कलकोट रोडच्या एका हॉटेलवाल्यानं अशीच पाटी लावलेली, तर गडी पाच वर्षं फाटकाबाहेर उभा. दाढी गुडघ्याला लागली, चिमण्यांनी घरटं केलं.

मायाक्का: आत आला न्हाय, म्हून चिठ्ठी वाचली न्हाय.

बंदेनवाज: बरोब्बर. पाच मिनिटं मी वाया घालवली, तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

मायाक्का: पर मग नाव कुटनं आलं त्येच्याकडं?

बंदेनवाज: शेजाऱ्यांकडून. मोडनिंबचे आबासाहेब, बोअरच्या गाड्यांवाले, त्यांच्या साइटवर अजून तात्याबाचं नाव आहे, नंबर आहे, आणि आपल्या पानाकडं बोट दाखवलंय. गडी तिथं वाचतो, पाणाडे तात्याबा या घरी राहतात. मग येतो आपल्या फाटकापाशी. आत जायची बंदी. घरात माणूस आहे की नाही, बघता येत नाही. मग तो वहीत काय लिहिणार?

मायाक्का: हाय.

बंदेनवाज: हाय. माहिती उपलब्ध नाही, पण हाय.

मायाक्का: आता काय करायचं?

बंदेनवाज: फाटकावरची पाटी काढायची. त्याला आत येऊ दिलं, तरच तो खोडेल. आबासाहेबांनाही कळवतो. आणि पान कोरं ठेवून चालणार नाही. गडी येईल तसा एखादा माणूसही येईल. त्याच्यासाठी एक ओळ तरी हवी. तेव्हा तुम्ही म्हणालात, काही लिहू नका.

मायाक्का: आताबी नगं.

बंदेनवाज: एकच ओळ, वहिनी. तात्याबा अमुक तारखेला...

मायाक्का: नगं म्हनलं न्हवं.

बंदेनवाज: बरं, नको. तुमचा फोन वाजतोय.

मायाक्का: ह्यांचा हाय. ...हालो. व्हय, त्येंचाच. न्हाय, रानात गेल्यात. मोबाइल घरीच इसरल्यात. पुढल्या हप्त्यात करा. व्हय, सांगते. ठेवते.



बंदेनवाज: वहिनी, हे काय?

मायाक्का: काय?

बंदेनवाज: आठ महिने झाले तात्याबाला जाऊन.

मायाक्का: म्हाईत हाय.

बंदेनवाज: मातीला मी आलो होतो.

मायाक्का: तुमी लई रडला. मी बघितलं.

बंदेनवाज: आणि तुम्ही सगळ्यांना हेच सांगता?

मायाक्का: कवा रानात. कवा मोडनिंबला. कवा आत्ताच डोळा लागलाय म्हनते.

बंदेनवाज: कायकू पण?

मायाक्का: पयल्याच दिशी फोन आला. बाया बसल्या हुत्या भवतीनं. कुनी उचलंना, म्हून मी उचलला. तात्याबा हायत का, म्हनला. तोंडातनं निगालं, रानात गेल्यात. मग दुसऱ्याला येगळं कसं सांगायचं?

बंदेनवाज: वहिनी, तुम्ही रडलात का एकदा तरी?

मायाक्का: न्हाय. शेरडं सोडते. सांजंला बांधते. फोन आला की उचलते.

बंदेनवाज: आणि आज अचानक नाव काढायला आलात.

मायाक्का: येत्या गुरुवारच्यापायी. नाव निगालं तर त्यो बोलवायचा न्हाय.

बंदेनवाज: कोण तो?

मायाक्का: सिद्धाराम. अक्कलकोटच्या पल्याडचा. तीन महिनं झालं फोन करतोय. मागल्या हप्त्यात फटफटीवर घरीच आला. दुपारभर सोप्यात बसला. मी च्या दिला. जाताना म्हनला, लिंबोनीची बाग वाळाय लागलीया आक्का, बोअरची गाडी ठरवू का? मी म्हनलं, ठरवा, गुरुवारी येत्याल.

बंदेनवाज: येतील? कोण येतील?

मायाक्का: तोंडातनं निगालं.

बंदेनवाज: मग ठरवली गाडी?

मायाक्का: ठरवली. चार मानसांचा सैपाक सांगितलाय. नारळबी आनून ठेवलाय म्हनला, चांगला शेंडीचा.

बंदेनवाज: आज सोमवार आहे, वहिनी.

मायाक्का: म्हून तर आले. आजच काढा.

बंदेनवाज: ऐका. पाटी मी आत्ता काढतो. पण गडी उद्या येईल, पंधरा दिवसांनी येईल, नाहीतर महिन्यानं. त्याच्यावर माझा हुकूम चालत नाही. तोवर नाव तात्पुरतं झाका, असा अर्ज करता येतो, एखाद्या दिवसात झाकतात, तोही करतो. पण समजा या मिनिटाला नाव गेलं, तरी सिद्धारामला त्याचं काय? तो आता गुगल बघत बसलेला नाही. त्याच्या वहीत तुम्ही स्वतः लिहिलंय, गुरुवारी येतील.

मायाक्का: तुमी सांगा त्याला.

बंदेनवाज: मी?

मायाक्का: तुमास्नी बोलाया येतंय.

बंदेनवाज: म्हणून तर उपयोग नाही. मी शेठला खुर्चीवरून तरंगवणारा माणूस. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मी सांगितलं तात्याबा गेला, तर तो हसेल आणि विचारेल, बरं, मग गुरुवारी किती वाजता येतात?

मायाक्का: मग कोन सांगनार?

बंदेनवाज: मी इथंच बसतो. तोंड उघडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मायाक्का: लावा मग. त्येचा नंबर नावानंच हाय ह्या फोनात. आनि मोठ्यानं ऐकू यायचं बटन दाबा. मला कानाला धरवत न्हाय.

सिद्धाराम: हां आक्का, बोला री! गुरुवारचं पक्कं हाय बघा. गाडी सकाळी आठला येतंय. तात्याबा मामा आदल्या दिशी मुक्कामाला येतेत का? गाद्या टाकून ठेवतो.

मायाक्का: सिद्धाराम.

सिद्धाराम: हां री.

मायाक्का: त्ये येनार न्हाईत.

सिद्धाराम: जमंना व्हय? मग शुक्रवार करू की. गाडीवाला आपला पाव्हणाच हाय.

मायाक्का: शुक्रवारीबी न्हाय. त्ये वारले. आठ महिनं झालं.

सिद्धाराम: काय म्हनतायसा?

मायाक्का: सकाळी बांधावर बसले हुते. उठलेच न्हाईत.

सिद्धाराम: आक्का, मी मागल्या बुधवारी तुमच्या सोप्यात बसलो हुतो.

मायाक्का: व्हय.

सिद्धाराम: तवा?

मायाक्का: तवाबी न्हवते.

सिद्धाराम: तुमी म्हनलासा, रानात हायत, येत्याल.

मायाक्का: म्हनलं.

सिद्धाराम: मी दुपारभर वाटंकडं बघत बसलो की री.

मायाक्का: मीबी बघत हुते.




सिद्धाराम: आयतु. बरं. गाडीवाल्याला नगं म्हनून सांगतो.

मायाक्का: आनि बाग?

सिद्धाराम: टँकर घालतो महिनाभर. जगंल तेवढी जगंल. आक्का, तुमी जेवलासा का?

मायाक्का: जेवले.

सिद्धाराम: मग ठेवतो री.

बंदेनवाज: वहिनी...

मायाक्का: फाटकावरची पाटी काढा.

बंदेनवाज: काढतो. झालं, काढली. आता गडी येईल तेव्हा येईल. आणि ती ओळ...

मायाक्का: पाणाडे तात्याबा वारले. आसं लिव्हा.

बंदेनवाज: एवढंच? थोडं सजवू का? शंभर गावांना पाणी दाखवलं, असं काहीतरी?

मायाक्का: किती गावं ते मला ठावं न्हाय. येवढंच लिव्हा.

बंदेनवाज: ...‘वारले.’ लिहिलं. नंबर टाकत नाही खाली.

मायाक्का: टाका.

बंदेनवाज: अहो, मग फोन येतच राहतील.

मायाक्का: येऊंद्यात. ज्यास्नी ज्यास्नी रानात गेल्यात म्हनून सांगितलं, त्ये करत्याल की परत, त्यास्नीबी खरं सांगते. त्यो नंबर आता माझा हाय.